निजलेलें शरीर आणि चालतें शरीर

वाङ्मयपरीक्षणास वाहिलेल्या मासिकांत शरीररचनेच्या क्रमिक पुस्तकांचा विचार कां करावा, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. काव्य, नाटक, कादंबरी हीं आमचीं नेहमींचीं क्षेत्रें. तेथें हाडांची आणि स्नायूंची मोजदाद कशाला? आमचें उत्तर असें कीं, ग्रंथ कोणत्याहि विषयाचा असो, त्यानें वाचकाच्या दृष्टीस कोणतें वळण लावलें हा प्रश्न टीकाकाराच्या कक्षेंतला आहे. वाईट कादंबरीनें बिघडलेली अभिरुचि चांगली कादंबरी वाचून सुधारतां येते. क्रमिक पुस्तकानें विद्यार्थ्याच्या डोळ्यांस लावलेलें वळण मात्र तो जन्मभर बरोबर घेऊन हिंडतो, आणि त्याचें फळ पुष्कळदां त्याला नव्हे, तर त्याच्या हातीं सोपविलेल्या रोग्यास भोगावें लागतें. अशा पुस्तकांचें परीक्षण परीक्षेच्या निकालांवर सोडून देणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं.

हा विचार आज करण्यास आणखी एक कारण आहे. शरीररचनाशास्त्र हा केवळ डॉक्टर होणारांचा विषय, ही समजूत आतां जुनी झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० च्या दशकाच्या आरंभीं फिजिओथेरपीचें शिक्षण सुरू झालें. पोलिओनें लुळ्या पडलेल्या मुलांच्या हातापायांत पुन्हां चलनवलन आणणारे लोक तयार करणें, ही त्या वेळची निकड होती. तेव्हांपासून हा व्यवसाय फोफावला, आणि आज सुशिक्षित मध्यम वर्गांतील कितीतरी घरांतून एखादी मुलगी किंवा मुलगा हा अभ्यास करीत असलेला आढळतो. पक्षाघातानें निर्जीव झालेला हात, मोडून सांधलेला पाय, ताठलेला खांदा यांस पुन्हां कामास लावणें, हें त्यांचें व्रत. परंतु पहिल्याच वर्षीं त्यांच्या टेबलावर जो शरीररचनेचा ग्रंथ येऊन पडतो, तो बहुधा दुसऱ्याच व्यवसायासाठीं लिहिलेला असतो, किंवा तशा ग्रंथावरून केलेलें टांचण असतें. प्रत्येक स्नायूपुढें चार रकाने: उगम, निवेश, मज्जातंतू, कार्य. हे चार रकाने रात्री जागून घोकावयाचे आणि सकाळीं ओकावयाचे, असा क्रम चालतो.

शस्त्रवैद्याची गरज आणि या नव्या उपचारकाची गरज एक नाहीं. शस्त्रवैद्यापुढें शरीर निजलेलें असतें, भूल दिलेलें असतें, आणि त्यास मुख्यतः एवढेंच जाणावयाचें असतें कीं, येथें सुरी चालविली तर खालीं काय लागेल. त्याची शरीररचना थरांची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची आहे. उपचारकास कातडी फाडावयाची नसते. तो बाहेरून पाहतो, बाहेरून चांचपतो, आणि त्याच्यापुढचें शरीर उभें असतें, चालत असतें, दुखलें कीं अंग चोरीत असतें. त्यास एकच प्रश्न सारखा सोडवावयाचा असतो : या क्षणीं कोण काम करीत आहे, आणि कोणाचें काम कोण करीत आहे? जो ग्रंथ या प्रश्नास तयार करीत नाहीं, तो कितीहि अचूक असला तरी या वाचकाच्या दृष्टीनें अपुरा, हाच आमचा निकष आहे.

साधें उदाहरण घ्या. वाचकानें आपल्या मांडीच्या पुढच्या भागावर हात ठेवून खुर्चीवर सावकाश बसून पाहावें. बसतांना गुडघा वाकतो. कोष्टक सांगतें कीं, गुडघा वाकविणारे स्नायू मांडीच्या मागें आहेत, आणि पुढचा मोठा स्नायू गुडघा सरळ करणारा आहे. तेव्हां कोष्टक पाठ केलेला विद्यार्थी बसण्याचें श्रेय मागच्या स्नायूंस देणार. पण हाताखालीं ताठ लागतो तो पुढचाच स्नायू. कारण गुडघा वाकविण्याचें काम शरीराचा भार आपण होऊन करीत असतो. स्नायूचें काम तो भार एकदम आदळूं न देतां हळूहळू खालीं उतरविण्याचें असतें. विहिरींत घागर सोडतांना रहाटाचा दोर ज्यानें हातांत धरला आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको. वृद्ध मनुष्य खुर्चीवर बसतां बसतां शेवटीं धपकन् आदळतो, तेव्हां त्याचा वाकविणारा स्नायू नव्हे, दोर सोडणारा स्नायू थकलेला असतो. हें ज्यानें ओळखलें नाहीं, तो त्या वृद्धाकडून भलत्याच स्नायूचा व्यायाम करवील, आणि कोष्टकाच्या आधारानें करवील.

हा निकष हातीं घेऊन प्रथम ग्रेच्या ग्रंथाकडे वळूं. हेन्री ग्रे हा लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांतील तरुण शस्त्रवैद्य. त्याचा ग्रंथ १८५८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याचें मूळ नांव ‘ॲनाटमी : डिस्क्रिप्टिव्ह अँड सर्जिकल’, म्हणजे वर्णनात्मक व शस्त्रक्रियोपयोगी शरीररचना, असें होतें. आपला वाचक कोण हें ग्रंथकर्त्यानें नांवांतच सांगून टाकलें आहे, आणि त्याच्यावर टीका करणारानें ही गोष्ट विसरतां कामा नये. ग्रे १८६१ सालीं देवीच्या रोगानें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, वारला. परंतु त्याचा ग्रंथ एका संपादकाकडून दुसऱ्याकडे जात वाढत राहिला, आणि २०२० सालीं त्याची बेचाळिसावी आवृत्ति निघाली. इतकें दीर्घायुष्य फार थोड्या क्रमिक पुस्तकांच्या वांट्यास आलें आहे.

त्या यशाचा अर्धा वांटा आमच्या मतें चित्रकाराचा आहे. पहिल्या आवृत्तींतील ३६३ चित्रें हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यानें काढलीं. अशा ग्रंथांतील चित्रांत निरनिराळ्या भागांस अक्षरें किंवा आंकडे घालून त्यांचा खुलासा खालीं देण्याचा प्रघात असे. त्यामुळें वाचकाची नजर चित्र आणि यादी यांच्यामध्यें येरझारा घालीत राही. कार्टरनें नांव त्या त्या भागाच्याच अंगावर लिहिलें. स्नायू आणि त्याचें नांव डोळ्यांत एकदमच शिरतात, ही सोय क्षुल्लक वाटली तरी अध्यापनाच्या दृष्टीनें तिचें मोल मोठें आहे. महाराष्ट्रीय वाचकांस तर कार्टर अगदींच परका नाहीं. ग्रंथ निघाला त्याच वर्षीं तो मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजांत शरीररचना शिकवूं लागला, आणि पुढें कांहीं वर्षें साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. ग्रंथाच्या नांवांतून मात्र तो पुसला गेला. जग ‘ग्रे’ म्हणतें, ‘ग्रे आणि कार्टर’ म्हणत नाहीं.

ग्रेच्या गद्याचा गुण म्हणजे त्याची निष्ठुर स्पष्टता. हाडावरील प्रत्येक कंगोरा, प्रत्येक खांच, तेथें कोण चिकटतें आणि शेजारून कोण जातें, हें तो क्रमानें, अलंकार न वापरतां, सांगत जातो. ज्यास गद्य लिहावयाचें आहे त्यानें सुद्धां या वर्णनशैलीचा अभ्यास करावा, असें आम्ही म्हणूं. परंतु हें वर्णन आरंभापासून अखेरपर्यंत निजलेल्या शरीराचें आहे. पाठीवर ठेवलेलें प्रेत, त्याचा एक एक थर उचलला जात आहे, आणि लेखणी सुरीच्या मागोमाग चालली आहे. स्नायूच्या दोन टोकांस उगम आणि निवेश अशीं नांवें देण्याची जी परंपरा ग्रेनें चालविली, तींतच या दृष्टीची मर्यादा दडलेली आहे. उगम म्हटला कीं नदीची आठवण होते; पाणी उगमाकडून वाहतें, उलट कधींच वाहत नाहीं. स्नायूस असा नियम लागू नाहीं. तो आखडला कीं दोन्ही टोकें एकमेकांकडे ओढलीं जातात. जें टोक मोकळें असेल तें हलतें, जें खिळलेलें असेल तें राहतें. आणि कोणतें टोक खिळलेलें आहे, हें मनुष्य त्या क्षणीं काय करीत आहे यावर ठरतें.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूस असलेला ग्लूटीयस मीडियस हा स्नायू पाहा. कमरेच्या रुंद हाडापासून निघून तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास चिकटतो. कोष्टकांत त्याचें कार्य म्हणून मांडी बाहेरच्या बाजूस नेणें, एवढें लिहिलेलें असतें. निजलेल्या शरीरापुरतें तें खरेंहि आहे. पण दिवसभरांत आपण मांडी अशी बाजूला किती वेळां उचलतों? उलट, चालतांना प्रत्येक पावलागणिक एक पाय जमिनीवरून सुटतो आणि सारा भार दुसऱ्या पायावर येतो. त्या क्षणीं कंबर उचललेल्या पायाच्या बाजूस कलंडावयास पाहते. तिला कलंडूं न देणें हें या स्नायूचें खरें, दिवसांतून हजारों वेळां करावें लागणारें काम आहे. मांडी खालीं खिळलेली असते, म्हणजे ‘निवेश’ स्थिर असतो, आणि ‘उगम’ ओढून धरला जातो. हा स्नायू दुबळा झाला तर उभ्या पायाच्या विरुद्ध बाजूची कंबर खालीं झुकते. हें चिन्ह फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९५ सालीं वर्णन केलें, आणि आजहि तें त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. पुष्कळ रोगी मग तोल सांवरण्याकरितां धड दुबळ्या बाजूवर झोकून झुलत झुलत चालतात. मांडी बाहेर नेणारा स्नायू एवढेंच पाठ केलेल्या विद्यार्थ्यास या झुलण्याचा अर्थ लागणें कठीण.

आश्चर्य असें कीं, ही गोष्ट ग्रेला ठाऊक नव्हती असें नाहीं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांतहि नितंबाच्या स्नायूंचें वर्णन संपवितांना असें नमूद आहे कीं, मांडी स्थिर असली म्हणजे हे स्नायू कमरेस आणि धडास सांवरून धरतात, आणि एका पायावर उभें राहिलें असतां हें विशेषच दिसून येतें. परंतु जें वाक्य या विषयाचा कळस व्हावयाचें तें तेथें शेपटासारखें मागें येतें. टांचण करणाऱ्यांनीं तें शेपूट सहज कापून टाकलें, कारण चार रकान्यांत त्यास जागा नव्हती. तेव्हां दोष एकट्या ग्रेचा नाहीं. मूळ ग्रंथांत जें गौण स्थानीं असतें तें संक्षेपांत नाहींसें होतें. म्हणूनच ग्रंथांत कोणती गोष्ट कोठें ठेवली आहे, याची चिकित्सा आम्ही महत्त्वाची मानतों.

ही चिकित्सा पंडिती नव्हे, हें घरांतल्या काठीवरून दाखवितां येईल. उजवा खुबा दुखत असला म्हणजे काठीहि उजव्याच हातीं द्यावयाची, असा घरोघर समज आहे. दुखत्या बाजूस आधार, हें वरवर पटतें. पण वरील स्नायूची अडचण पाहा. उजव्या पायावर उभें असतां शरीराचा भार खुब्यापासून जितक्या अंतरावर पडतो, त्याच्या सुमारें निम्म्या अंतरावरून या स्नायूस ओढावें लागतें. तुळईच्या न्यायानें त्यास भाराच्या दुप्पट जोर लावावा लागतो, आणि भार व जोर दोन्ही त्या एका सांध्यावर दाबले जाऊन त्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें अडीचपट दाब येतो. आतां काठी डाव्या हातीं द्या. डावा हात उजव्या खुब्यापासून पुष्कळ दूर आहे. एवढ्या लांब भुजेवरून काठीवर दिलेला थोडासा जोरहि कंबर सांवरण्यास बराच उपयोगी पडतो, स्नायूचा ताण कमी होतो, आणि सांध्यावरील दाबहि उतरतो. म्हणून काठी दुखत्या खुब्याच्या विरुद्ध हातीं असावी. चालत्या शरीराचें शास्त्र आणि निजलेल्या शरीराची यादी यांतील भेद वृद्ध मनुष्याच्या रोजच्या वेदनेंत असा उतरतो.

ग्रेच्या ग्रंथानंतर नऊच वर्षांनीं, १८६७ सालीं, पॅरिसमध्यें एक निराळ्या दृष्टीचा ग्रंथ निघाला. ड्यूशेन हा बुलोन या बंदराच्या गांवचा डॉक्टर. लहान मुलांच्या ज्या स्नायुक्षयास आज त्याचें नांव आहे, त्यामुळें तो सामान्य वाचकांसहि थोडाफार परिचित असेल. विजेचें एक सुटसुटीत यंत्र बरोबर घेऊन तो पॅरिसच्या रुग्णालयांतून हिंडे, आणि कातडीवरून विजेचा प्रवाह देऊन एकेक स्नायू निराळा आखडवून पाही. ‘फिजिओलॉजी दे मुव्हमाँ’, म्हणजे हालचालींचें शास्त्र, हा त्याचा ग्रंथ या निरीक्षणांचें फळ होय. त्याचें विशेष बुद्धिकौशल्य असें कीं, विजेनें स्नायू आखडविल्यावर काय होतें एवढ्यावर तो थांबला नाहीं. तोच स्नायू ज्यांचा लुळा पडला आहे असे रोगी शोधून, त्यांचें काय अडतें हेंहि त्यानें पाहिलें. एकीकडे स्नायूचें अस्तित्व, दुसरीकडे त्याचा अभाव. दोहोंच्या साक्षी जुळल्या म्हणजेच त्याचें कार्य सिद्ध झालें असें तो मानी. प्रेतावरून कार्याचें अनुमान करणाऱ्या परंपरेस हा मोठाच धक्का होता.

त्याच्या ग्रंथांतील हाताचें प्रकरण आम्हांस सर्वांत सरस वाटतें. बोटें सरळ करणारा लांब स्नायू कोपरापासून हाताच्या मागच्या अंगानें बोटांपर्यंत जातो. त्याची कंडरा पार शेवटच्या पेरापर्यंत पोंचलेली दिसते. तेव्हां तिन्ही पेरें तोच सरळ करतो, असें प्रेतावरून कोणीहि म्हणेल. ड्यूशेननें दाखविलें कीं, तो मुख्यतः पहिलें पेर सरळ करतो. शेवटचीं दोन पेरें सरळ करण्याचें, आणि त्याच वेळीं पहिलें पेर वाकविण्याचें, काम तळहातांत लपलेल्या इवल्याशा स्नायूंचें आहे. हे इवले स्नायू लुळे पडले म्हणजे पहिलें पेर मागें ओढलें जातें, पुढचीं दोन आंत वळतात, आणि हाताचा पंजा होतो.

हा पंजा आपल्या देशास दुर्दैवानें चांगलाच परिचित आहे. कोपर आपटलें असतां करंगळीपर्यंत ज्या मज्जातंतूंत झिणझिण्या येतात, तो कुष्ठरोगांत बिघडतो आणि बोटें अशीं वळतात. येथें पुन्हां कार्टरची गांठ पडते : १८५८ च्या ग्रंथाचीं चित्रें काढणारा हाच कार्टर मुंबईंत कुष्ठरोगाचा अभ्यासक झाला, आणि १८७४ सालीं त्याचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु त्या हातांस पुन्हां कामास लावण्याचा मार्ग निघावयास आणखी पाऊणशें वर्षें जावीं लागलीं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत पॉल ब्रँड या शस्त्रवैद्यानें अशा हातांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. शाबूत असलेल्या एखाद्या स्नायूची, उदाहरणार्थ मनगट उचलणाऱ्या स्नायूची, कंडरा वळवून ती बोटांस अशा रीतीनें जोडावयाची कीं, लुळ्या पडलेल्या इवल्या स्नायूंचें काम तिनें करावें. जोडणें हें सुरीचें काम. पण जोडलेला स्नायू जन्मभर मनगट उचलीत आलेला असतो, त्यास बोटांचें काम ठाऊक नसतें. तें त्यास शिकविणें हें उपचारकाचें काम. रोग्यास प्रथम मनगट उचलण्याचा यत्न करावयास सांगावयाचें आणि त्याबरोबर बोटें कशीं हलतात याकडे त्याचें लक्ष वेधावयाचें. हळूहळू जुना हेतु गळतो आणि नवी हालचाल अंगीं मुरते. अशा हाताचें वर्णन कोणत्याहि कोष्टकांत सांपडणार नाहीं, कारण कोष्टकांतला निवेशच सुरीनें बदलून टाकलेला आहे. येथें तारून नेतें तें पाठांतर नव्हे. कोणता स्नायू कोणाबरोबर, कोणाच्या आधारानें काम करतो याची समजूत.

इतक्या मोलाचा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हातीं फारसा कां पडला नाहीं? एक तर त्याचें इंग्रजी भाषांतर १९४९ सालीं, म्हणजे ब्याऐंशीं वर्षांनीं, निघालें. दुसरें, ड्यूशेनची शैली जड आहे. रोग्यामागून रोगी, प्रयोगामागून प्रयोग, असा तो न्यायालयांत पुरावा मांडल्यासारखा चालतो. त्यास वाचकाची दमछाक दिसत नाहीं. शिवाय विजेनें हललेला हात हा मनुष्यानें हलविलेला हात नव्हे. निसर्गांत कोणताहि स्नायू एकटा काम करीत नाहीं, हें ड्यूशेन स्वतःच बजावून सांगतो. पण त्याची पद्धत एकेक स्नायू वेगळा काढण्याची असल्यामुळें समग्र हालचालीचें चित्र वाचकास स्वतःच जुळवावें लागतें.

तें चित्र काढून देणारा ग्रंथकार त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं आला. ॲडलबर्ट कापांजी हा फ्रेंच शस्त्रवैद्य. ‘फिजिओलॉजी आर्तिक्युलेर’, म्हणजे सांध्यांचें क्रियाशास्त्र, हा त्याचा ग्रंथ १९६० च्या दशकापासून तीन भागांत प्रसिद्ध झाला : एक हाताचा, एक पायाचा, एक पाठीच्या कण्याचा व धडाचा. चित्रें त्यानें स्वतः काढलीं. एका पानावर मजकूर आणि समोरच्या पानावर चित्रें, अशी त्याची मांडणी आहे. त्या चित्रांत हाडें बाणांसह येतात, दोर होऊन स्नायू ओढतात, सांधा खोगिरासारखा किंवा बिजागरासारखा उलगडून दाखविला जातो. पुस्तकाच्या अखेरीस कागदी नमुने दिलेले आहेत. वाचकानें ते कात्रीनें कापावे, चिकटवावे, आणि सांधा आपल्या हातानें हलवून पाहावा. विद्यार्थ्यावर एवढा विश्वास टाकणारे ग्रंथकार थोडे. १९८६ सालीं त्यानें आंगठ्याची शक्ति मोजण्याची जी रीत सुचविली तींतहि हाच स्वभाव दिसतो. आंगठ्याचें टोक तर्जनीच्या कडेपासून निघून एकेक बोटाच्या शेंड्यास, मग करंगळीवरून उतरत तळहातापर्यंत कोठवर पोंचतें, त्यावरून शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावयाचे. यंत्र नको, पट्टी नको. रोग्याचा हात हीच मोजपट्टी. वाचकास आपल्या बोटांवर ही परीक्षा आतांच करून पाहतां येईल.

कापांजीचे दोष त्याच्या गुणांतूनच निघालेले आहेत. त्याचें चित्र इतकें सुबक असतें कीं, शरीरहि तितकेंच सुबक असावें, असा भास होतो. पाठीच्या कण्यास तीन बांक असल्यामुळें तो सरळ खांबाच्या दसपट बळकट ठरतो, हें त्याचें सूत्र अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडीं असतें. बांकांच्या संख्येचा वर्ग करून त्यांत एक मिळविला कीं दहा येतात, हें खरें. परंतु यंत्रशास्त्रांतील खांबाचा नियम, जेथें प्रत्येक मणका स्नायूंनीं क्षणोक्षणीं सांवरून धरलेला असतो त्या जिवंत कण्यास, तसाच लावतां येत नाहीं. सूत्र लक्षांत राहतें, त्याची अट लक्षांत राहत नाहीं. आणि मग जें पाठांतर ग्रेच्या वाटेनें आलें होतें तेंच सुंदर चित्रांच्या वाटेनें पुन्हां घरांत शिरतें. शिवाय त्याच्या चित्रांतील मनुष्यास वय नाहीं, भय नाहीं, वेदना नाहीं. खऱ्या रोग्याचा खांदा कित्येकदां हाडामुळें अडत नाहीं, दुखेल या धास्तीनें अडतो. इतकें असूनहि आमच्या निकषावर कापांजीच सर्वांत अधिक उतरतो, हें आम्ही निःसंकोच सांगतों.

आपल्याकडील परंपरा या बाबतींत काय सांगते, हें पाहणेंहि उद्बोधक होईल. सुश्रुताच्या शारीरस्थानांत प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यांत ठेवून, मग कुंचल्यानें हळूहळू घासून एकेक थर पाहण्याची रीत दिलेली आहे. त्याची तीनशें हाडांची गणना आजच्या दोनशें सहांशीं जुळत नाहीं, आणि ती ओढून ताणून जुळविण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. परंतु सांध्यांचा विषय काढतांच तो प्रथम त्यांचे दोन वर्ग करतो, हलणारे आणि स्थिर. आणि मग आकारावरून जीं नांवें देतो त्यांत खुब्याच्या व कांखेच्या सांध्यास ‘उलूखल’ म्हणतो. उलूखल म्हणजे उखळ. ज्या घरांत उखळ होतें तेथील पोरासहि हा सांधा सर्व दिशांस कां फिरतो हें एका शब्दांत कळलें असतें. शास्त्रांत वाचलेलें आणि प्रत्यक्ष पाहिलेलें, दोन्ही एकत्र आलीं म्हणजे ज्ञान वाढतें, असाहि त्याचा अभिप्राय आहे. भावी उपचारकासाठीं या दोहोंत आम्ही तिसऱ्याची भर घालूं : स्पर्श केलेलें. आपल्या सोबत्याच्या खांद्याचा फरा, हात वर जातांना, कातडीखालीं कसा फिरतो, हें बोटांनीं ज्यानें जाणलें नाहीं, त्याचें वाचलेलें आणि पाहिलेलें अर्धेंच राहिलें.

तर मग विद्यार्थ्यानें काय वाचावें? ग्रे टाकून द्यावा, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. नांवें, जागा आणि शेजार पक्के नसतील तर कापांजीचीं चित्रें केवळ करमणूक होतील, आणि वळलेल्या हातापुढें उपचारक गोंधळून उभा राहील. पाठांतराचा तिटकारा ही सुद्धां एक फॅशन आहे, आणि ती अभ्यासू माणसास शोभत नाहीं. आमचें म्हणणें क्रमाविषयीं आहे. आधीं हालचाल पाहावी, मग तिच्यांत कोण कोण राबतें तें शोधावें, आणि त्यांचीं नांवें व टोकें त्या शोधाच्या ओघांत पाठ करावीं. परीक्षकांनींहि प्रश्न बदलले पाहिजेत. अमुक स्नायूचा उगम व निवेश सांगा, याच्या जोडीस, जिना उतरणाऱ्या बाईचा गुडघा कोण सांवरतो, असें एकदां विचारून पाहावें. कोष्टक पाठ करून आलेला आणि शरीर पाहून आलेला, यांची निवड आपोआप होईल.

शेवटीं एक अपेक्षा. या विषयास लागणारे कितीतरी शब्द मराठींत घरोघर वापरांत आहेत : खुबा, घोटा, पोटरी, फरा, पेर, मनगट, बिजागर, उखळ, रहाट. ते शिकलेल्यास आणि रोग्यास सारखेच कळतात, आणि उपचारकाचें अर्धें काम रोग्यास समजावून सांगण्याचें असल्यामुळें त्यांची योग्यता परकी नांवांहून कमी नाहीं. चालत्या शरीराविषयीं या शब्दांत, ग्रेची अचूकता, ड्यूशेनचा पुरावा आणि कापांजीचा डोळा घेऊन, कोणी अधिकारी लेखकानें मराठींत ग्रंथ लिहावयास घेतला, तर विद्यार्थ्यांच्या आधीं वृद्ध आईबाप ज्या घरांत काठी टेकीत चालतात, तीं घरेंच त्याचे उपकार मानतील.